खोल्या मोजल्या, माणसे कोण मोजणार?

दर महिन्याला इंग्रजी अर्थविषयक वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक ठरलेली बातमी येते. देशातील हॉटेल धंद्याची मागील महिन्यातील कामगिरी, असे तिचे स्वरूप असते. अमुक टक्के खोल्या भरल्या, सरासरी भाडे अमुक टक्क्यांनी वाढले, दर खोलीमागील उत्पन्न गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा इतके वर गेले. खाली मुंबई, दिल्ली, बंगळूर, गोवा, हैदराबाद अशा शहरांचा तक्ता असतो. आकडे वर गेले की हॉटेल कंपन्यांचे शेअर वधारतात. आकडे खाली आले की व्यवस्थापनाच्या बैठका होतात आणि 'खर्चात काटकसर' हा शब्द पुन्हा कानावर येतो.

रेल्वे आणि टपाल कामगारांना ह्या बातमीशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. आपण ना हॉटेलचे मालक, ना त्या हॉटेलांतील पाहुणे. तरीही आम्ही ह्या अंकाचा अग्रलेख ह्या विषयाला देत आहोत, आणि त्याला तीन कारणे आहेत. एक, रेल्वेच्या स्वतःच्या घरात हॉटेल आणि खानपान धंदा गेली पंचवीस वर्षे ठेकेदारीच्या वाटेने शिरलेला आहे. दोन, ज्या मापाने हॉटेलची खोली मोजली जाते त्याच जातीच्या मापाने आज आपली गाडी आणि आपले टपाल कार्यालय मोजले जात आहे. तीन, आपल्या अनेक सभासदांची मुलेमुली हॉटेल मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम करून ह्याच धंद्यात उतरली आहेत आणि त्यांच्या पाठीशी बहुधा कोणतीही संघटना नाही.

तीन आकडे आणि त्यांचा अर्थ

आकडा वाचता आला नाही तर वाटाघाटीच्या टेबलावर आपण आंधळे असतो. म्हणून आधी हे माप समजून घेऊ. ते अवघड नाही.

पहिला आकडा ऑक्युपन्सी. म्हणजे विक्रीस असलेल्या खोल्यांपैकी किती खोल्या विकल्या गेल्या ह्याचे शेकडा प्रमाण. दुसरा आकडा सरासरी खोलीभाडे. खोल्यांपासून मिळालेले एकूण उत्पन्न भागिले विकलेल्या खोल्या. तिसरा आकडा ज्याला धंद्यात रेव्हपार म्हणतात तो. एकूण खोली-उत्पन्न भागिले उपलब्ध असलेल्या सर्व खोल्या, मग त्या विकल्या गेलेल्या असोत की रिकाम्या. पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे तिसरा. मालक आणि गुंतवणूकदार पाहतात तो मुख्यतः हा तिसरा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शंभर खोल्यांचे हॉटेल आहे. तीस दिवसांच्या महिन्यात त्याच्याकडे विकायला ३,००० खोली-रात्री आहेत. गेल्या वर्षी त्यांपैकी १,९५० विकल्या, सरासरी भाडे ६,००० रुपये. ऑक्युपन्सी ६५ टक्के, उत्पन्न १ कोटी १७ लाख, दर खोलीमागे ३,९०० रुपये. यंदा १,८६० विकल्या, म्हणजे ६२ टक्के. पण भाडे ७,००० रुपये झाले. उत्पन्न १ कोटी ३० लाख २० हजार, दर खोलीमागे ४,३४० रुपये. खोल्या कमी भरल्या, पण कामगिरी ११ टक्क्यांहून अधिक सुधारली.

आता हाच महिना कामगाराच्या बाजूने पाहा. व्यवस्थापन त्याला सांगते, "यंदा ऑक्युपन्सी तीन टक्क्यांनी घटली, दिवस कठीण आहेत, हजेरीवरच्या माणसांना रोज बोलावता येणार नाही." हे वाक्य खोटे नाही. ऑक्युपन्सी घटलेलीच आहे. पण त्याच महिन्यात उत्पन्न १३ लाख २० हजारांनी वाढले, हे वाक्य त्याला कोणी सांगत नाही. गुंतवणूकदारापुढे तिसरा आकडा ठेवायचा आणि कामगारापुढे पहिला, ही ह्या धंद्यातील जुनी रीत आहे. त्या हॉटेलात ठेकेदाराचे वीस सफाई कामगार असतील आणि प्रत्येकाला महिना हजार रुपये वाढवून दिले, तर खर्च २० हजार येतो. वाढलेल्या उत्पन्नाच्या तो जेमतेम दीड टक्का आहे.

महिन्याची तुलना कशी फसवते

दुसरी सावधगिरी महिन्यांच्या तुलनेबाबत. हॉटेलचा महिना आणि पंचांगाचा महिना एक नसतो. दिवाळी २०२३ साली १२ नोव्हेंबरला होती. २०२४ साली ती ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवसांत आली. दिवाळीच्या आठवड्यात कचेरीच्या कामाचा प्रवास थांबतो, शहरातील हॉटेले रिकामी पडतात आणि पर्यटनस्थळी गर्दी होते. म्हणजे ह्या दोन नोव्हेंबरांची तुलना केली तर बराचसा फरक केवळ सण सरकल्याचा निघेल. लग्नाचे मुहूर्त, शाळेच्या सुट्या, शनिवार-रविवार महिन्यात चार आले की पाच, ह्या प्रत्येक गोष्टीने आकडा हलतो.

काही महिने तर मुळातच वेगळे असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत जी-२० ची शिखर परिषद भरली. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा झाली. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत प्रयागराजला महाकुंभ होता. त्या काळात तिथे आणि आसपासच्या शहरांत खोल्यांचे भाव आकाशाला भिडले, आणि त्या गर्दीला वाहून नेणारे आपले रेल्वे कामगार रजा रद्द होऊन दुप्पट कामावर होते. पुढच्या वर्षी त्याच महिन्याचा आकडा घसरला तर ती मंदी नव्हे. उलट २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ निरपराध माणसे मारली गेली, मे महिन्यात सीमेवर संघर्ष झाला, उत्तर आणि पश्चिम भारतातील अनेक विमानतळ काही दिवस बंद राहिले. त्या महिन्याशी पुढच्या वर्षाची तुलना करून कोणी भरभराट झाली असे म्हणेल तर तीही खरी भरभराट नव्हे.

सर्वात मोठा धडा कोरोनाचा. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला आणि एप्रिल-मे मध्ये बहुतेक हॉटेलांना कुलपे लागली. जी उघडी होती त्यांत बाहेरून आलेले विलगीकरणातील प्रवासी किंवा डॉक्टर-परिचारिका राहत होत्या. १ मे २०२० पासून श्रमिक विशेष गाड्या सुटू लागल्या. त्या गाड्या आपल्या बांधवांनी चालवल्या, आणि त्यांतून गावी परतणाऱ्यांत हॉटेलांच्या भटारखान्यातले, टेबलावरचे, खोल्या झाडणारे हजारो हात होते. त्याच काळात आपले पोस्टमन आणि ग्रामीण डाकसेवक औषधे आणि रोख रक्कम दारोदार पोचवत होते. एका वर्षाने, एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असतानाही तक्त्यात वाढीचे शेकडा आकडे शेकड्यांनीच दिसू लागले, कारण आधीच्या वर्षीचा पाया जवळजवळ शून्य होता. शून्याच्या शेजारी काहीही ठेवले तरी ते मोठेच दिसते.

धंदा सावरला, हात सावरले का?

न्यायाने बोलायचे तर मालकांचे नुकसान खोटे नव्हते. देशातील सर्वात जुन्या हॉटेल कंपन्यांपैकी एक असलेल्या इंडियन हॉटेल्स कंपनीला २०२०-२१ साली सुमारे ७२० कोटी रुपये तोटा झाला. हॉटेलची इमारत, कर्जाचे व्याज, वीज, पाणी ह्यांचा खर्च पाहुणा आला नाही म्हणून थांबत नाही. हे आम्ही मान्य करतो. पण त्याच कंपनीने २०२२-२३ साली सुमारे १,००३ कोटी आणि २०२३-२४ साली सुमारे १,२५९ कोटी रुपये निव्वळ नफा मिळवला, हेही तिच्याच ताळेबंदात आहे. एकट्या ह्या कंपनीची ही गोष्ट नाही. देशभर खोल्यांची मागणी वाढली, नवी हॉटेले त्या वेगाने बांधून झाली नाहीत, म्हणून भाडी कोरोनापूर्व पातळीच्या वर गेली.

तोट्याच्या दिवसांत कामगाराने काय सोसले ते सर्वांना ठाऊक आहे. कोठे अर्धा पगार, कोठे बिनपगारी रजा, ठेकेदाराच्या माणसांना तर एका फोनवर 'नको' सांगण्यात आले. तोटा वाटून घ्यायला कामगार होता. नफा वाटायची वेळ आली तेव्हा त्याचे नाव यादीत का नाही, हा आमचा प्रश्न आहे. आणि मासिक तक्त्यात ह्या प्रश्नाला रकानाच नाही.

त्या तक्त्यात काय नसते ते पाहा. दर खोलीमागे किती कामगार आहेत, हे नसते. त्यांपैकी कायम किती, ठरावीक मुदतीचे किती, ठेकेदाराचे किती, हे नसते. एका पाळीत एका बाईने किती खोल्या केल्या, हे नसते. ह्या धंद्यात एका पाळीला बारा ते सोळा खोल्या असे माप प्रचलित आहे. पंधरा खोल्या धरल्या आणि खोलीला तीस मिनिटे धरली तर साडेसात तास सरळ कामात जातात. त्यात गाडा ढकलत एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाणे, जेवण, पाणी पिणे हे सर्व उरलेल्या अर्ध्या तासात बसवायचे.

त्यातही एक बारकावा आहे, जो आकड्यांच्या तज्ज्ञांना दिसत नाही पण चादर बदलणाऱ्या बाईला रोज दिसतो. पाहुणा राहत असलेली खोली नीट करणे वेगळे आणि पाहुणा सोडून गेलेली खोली नव्या पाहुण्यासाठी तयार करणे वेगळे. दुसऱ्या कामाला बराच अधिक वेळ लागतो. महिनाभर रोज साठ खोल्या भरलेल्या असल्या तर १,८०० खोली-रात्री झाल्या. पाहुणे तीन-तीन रात्री राहिले तर महिन्यात ६०० वेळा खोली पूर्ण तयार करावी लागते. एकच रात्र राहिले तर १,८०० वेळा. ऑक्युपन्सी दोन्ही वेळा तीच, उत्पन्न तेच, कष्ट मात्र कितीतरी जास्त. हा फरक कोणत्याही मासिक अहवालात येत नाही. तो फक्त पाठीच्या दुखण्यात येतो.

हंगामाचेही तेच. गोव्यात ऑक्टोबर ते मार्च धंदा तेजीत असतो. जूनमध्ये पाऊस लागला की किनाऱ्यावरचे शॅक उतरवले जातात आणि अनेक लहान हॉटेले निम्म्या माणसांवर येतात. मालक हंगामाची सरासरी काढून वर्षाचा हिशोब करतो. कामगाराला मात्र हंगाम संपला की घरी पाठवले जाते. वर्षाची सरासरी मालकाला, महिन्याची अनिश्चितता कामगाराला, अशी ही वाटणी आहे.

सेवा आकाराची गोष्टही लक्षात घ्यावी. काही हॉटेलांत बिलावर लावलेल्या सेवा आकाराचा वाटा कर्मचाऱ्यांना मिळत असे आणि तो पगाराइतकाच महत्त्वाचा होता. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हा आकार सक्तीने लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ग्राहकावर सक्ती नको, हे आम्हाला मान्य आहे. पण मग तो वाटा मूळ पगारात यायला हवा. ग्राहकाच्या मर्जीवर कामगाराचे घर चालू नये.

आपल्या घरातली हॉटेले

आता आपल्या घराकडे वळू. रांची आणि पुरी येथील बी.एन.आर. हॉटेले ही बंगाल नागपूर रेल्वेच्या काळापासूनची रेल्वेची मालमत्ता. सप्टेंबर १९९९ मध्ये आय.आर.सी.टी.सी. ही कंपनी स्थापन झाली, ही हॉटेले तिच्याकडे गेली आणि तिच्यामार्फत खाजगी हाती भाडेपट्ट्याने देण्यात आली. त्या व्यवहाराबाबत केंद्रीय अन्वेषण विभागाने २०१७ साली गुन्हा नोंदवला आणि प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. कामगारांच्या दृष्टीने मुद्दा एवढाच, की जेथे रेल्वेचा नोकर होता तेथे ठेकेदाराचा माणूस आला.

खानपान सेवेचे तर धोरणच हेलकावे खात राहिले. २००५ साली ती आय.आर.सी.टी.सी.कडे, २०१० साली पुन्हा विभागीय रेल्वेकडे, २०१७ साली पुन्हा आय.आर.सी.टी.सी.कडे. प्रत्येक वेळी पाटी बदलली. भटारखान्यात उभे राहणाऱ्याची आणि डब्यातून चहा घेऊन जाणाऱ्याची नोकरी मात्र प्रत्येक फेरीत अधिक सैल झाली. आज भुसावळ, इटारसी, सिकंदराबाद, हुबळी कोठेही पाहा. विश्रामकक्ष, बेस किचन, गाडीतील चादरी-ब्लँकेटे, डब्यांची सफाई ह्या कामांवर आपल्या शेजारी उभा असलेला मुलगा बहुधा ठेक्यावरचा असतो. त्याचे काम आणि हॉटेलातील खोली झाडणाऱ्याचे काम एकच आहे.

कायद्याने ह्या बाबतीत आपल्याला दिले आणि काढूनही घेतले. १९९० साली एम.एम.आर. खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या वैधानिक आणि मान्यताप्राप्त उपाहारगृहांतील कामगार हे रेल्वेचेच नोकर आहेत असा निर्णय दिला. तो दिवस उपाहारगृह कामगारांच्या अनेक वर्षांच्या लढ्याचे फळ होता. २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की ठेका पद्धत रद्द झाली तरी ठेका कामगार आपोआप मूळ मालकाच्या नोकरीत येत नाही. त्या निकालानंतर ठेकेदारीला जे बळ मिळाले ते आपण स्टेशनास्टेशनावर पाहतो आहोत.

आणि मापाची गोष्ट. हॉटेलला जसा रेव्हपार तसा रेल्वेला ऑपरेटिंग रेशो. शंभर रुपये मिळवायला किती रुपये खर्च झाले, ते सांगणारा हा आकडा. पण गँगमनची जागा रिकामी ठेवली तरी हा आकडा सुधारतो आणि रुळाची देखभाल पुढे ढकलली तरीही सुधारतो. टपाल खात्यात महिन्याला किती खाती उघडली, विम्याचा हप्ता किती जमा झाला ह्याची उद्दिष्टे येतात. ग्रामीण डाकसेवकाच्या कामाचे तास मोजून त्याला चार तासांच्या किंवा पाच तासांच्या श्रेणीत बसवले जाते. जुलै २०१८ च्या सुधारणेनंतर चार तासांच्या डाकसेवकाला मूळ १०,००० रुपये आणि शाखा डाकपालाला १२,००० रुपये ठरले. पाऊस, चिखल, ओढा, सायकलवरचे अंतर हे त्या मोजणीत किती आले, हे प्रत्येक डाकसेवकाला माहीत आहे. मोजणी करणारा जे मोजत नाही तेच कामगाराच्या वाट्याला येते, मग ते हॉटेल असो की शाखा डाकघर.

पाहुणा म्हणूनही आपण ह्या आकड्यांत बसत नाही. सातव्या वेतन आयोगानंतर दौऱ्यावरील केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला हॉटेलपोटी मिळायची रक्कम पाचव्या आणि त्याखालील स्तराला रोज ४५० रुपये आणि सहा ते आठ स्तराला ७५० रुपये ठरली. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की त्यात २५ टक्के वाढ, एवढीच तरतूद. ह्या पैशांत ज्या खोल्या मिळतात त्या मासिक तक्त्यात मोजल्याच जात नाहीत. हजार रुपयांखालची खोली २०१७ पासून वस्तू व सेवा करातून मुक्त होती. १८ जुलै २०२२ पासून तिच्यावर १२ टक्के कर बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या सर्व खोल्यांवर तो ५ टक्के झाला, हे स्वागतार्ह आहे. पण त्यासोबत मालकाला कच्च्या खर्चावरील कराची वजावट बंद झाली, तेव्हा भाडे खरोखर किती उतरले हे तपासले पाहिजे. एक गोष्ट समाधानाची. जुलै २०२४ पासून रेल्वेच्या विश्रामकक्षांवरील हा कर माफ झाला आहे.

नवा कायदा, जुना प्रश्न

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. मध्यवर्ती कामगार संघटनांच्या मोठ्या गटाने त्यांना विरोध केला आहे, आणि त्या विरोधाची कारणे हॉटेल धंद्यात स्पष्ट दिसतात. ठेका कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी वीस माणसांना लागू होत, आता पन्नासांना लागू आहेत. हॉटेलचा लहान सफाई ठेकेदार चाळीस माणसे ठेवून सहज बाहेर राहील. स्थायी आदेशांची मर्यादा शंभरावरून तीनशेवर गेली. देशातील बहुसंख्य हॉटेले त्याखालीच आहेत.

पण संहितेत एक जागा अशीही आहे जी कामगार संघटनांनी नीट वाचली पाहिजे. आस्थापनेच्या मुख्य कामात ठेका कामगार लावण्यास मनाई आहे. सफाई, खानपान, घरव्यवस्था, धुलाई ही कामे मुख्य कामातून वगळली आहेत, मात्र ती आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली नसेल तरच. आता हॉटेल कशासाठी उभारलेले असते? खोली स्वच्छ करून देणे आणि जेवण वाढणे हाच त्याचा धंदा. तेव्हा हॉटेलातील खोल्यांची व्यवस्था आणि भटारखाना हे मुख्य काम आहे आणि तेथे ठेका चालणार नाही, अशी मागणी करायला कायद्याचा आधार आहे. मालक दोन पळवाटा पुढे करतील. 'हे काम सर्वसाधारणपणे ठेकेदारामार्फतच होते' आणि 'कामाचा अचानक भार वाढला' ह्या दोन्ही सवलती त्याच कायद्यात आहेत. येथेच मासिक आकडे उपयोगी पडतात. डिसेंबरमध्ये गर्दी दरवर्षी होते हे मालकांच्याच दहा वर्षांच्या तक्त्यांतून दाखवता येईल. दरवर्षी येणारा भार अचानक आलेला कसा?

आणखी एक हत्यार आपल्या हाती आहे. सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना एक जबाबदारी अहवाल द्यावा लागतो. त्यात कायम आणि बिगर-कायम कर्मचारी किती, कामगार किती, किमान वेतनावर किती, ह्याचे रकाने असतात. मोठ्या हॉटेल कंपन्या त्यात आहेत, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये शेअर बाजारात आलेली आय.आर.सी.टी.सी.ही आहे. मासिक तक्त्यात जे नाही ते वर्षातून एकदा ह्या अहवालात छापून येते. ते आपण वाचत नाही, हा दोष आपला.

काय करावे

आमच्या मागण्या साध्या आहेत. हॉटेल धंद्याचे मासिक आकडे ज्या संस्था गोळा करतात त्यांनी दर खोलीमागील कामगारसंख्या आणि त्यांतील ठेक्याचे प्रमाण हे दोन रकाने वाढवावेत. पर्यटन मंत्रालय हॉटेलांना तारे देते. ते देताना ह्या दोन गोष्टी पाहिल्या जाव्यात. रेल्वेने आपल्या जागेवर चालणाऱ्या प्रत्येक हॉटेल, विश्रामकक्ष आणि भटारखान्याच्या ठेक्यात पाळीला किती माणसे हवीत हे लेखी घालावे. केवळ सर्वात कमी बोली पाहू नये.

आणि मागण्यांइतकेच आपले कर्तव्य. प्रत्येक शाखेने आपल्या स्टेशनवरील, आपल्या कार्यालयातील ठेका कामगारांची यादी करावी. त्यांचा पगार बँकेत जमा होतो का, भविष्यनिर्वाह निधीचे खाते चालू आहे का, राज्य विम्याचे कार्ड आहे का, एवढे तरी विचारावे. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकाची, हे जुन्या १९७० च्या कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे. हे त्या मुलाला माहीत नसते. आपल्याला माहीत आहे, तर सांगणे आपले काम आहे.

ह्या दोन धंद्यांतील कामगारांचे नाते नवे नाही. मे १९७४ च्या रेल्वे संपाचे नेतृत्व करणारे जॉर्ज फर्नांडिस ह्यांनी कामगार चळवळीतले पहिले धडे मंगळूरला वाहतूक आणि हॉटेल कामगारांमध्ये गिरवले होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळ्या झडत असताना रेल्वेचा उद्घोषक आपल्या जागेवरून प्रवाशांना सुरक्षित वाटेने बाहेर जाण्यास सांगत होता. त्याच रात्री ताजमधील कर्मचारी पाहुण्यांना वाचवताना आपले प्राण देत होते. त्या रात्री कोणी कायम की ठेक्याचा, कोणत्या श्रेणीचा, हे पाहिले नाही.

पुढच्या महिन्यात ती ठरलेली बातमी पुन्हा येईल. इतके टक्के खोल्या भरल्या, इतके रुपये खोलीमागे मिळाले. कामगार बंधू-भगिनींनो, ती बातमी टाकून देऊ नका. कापून ठेवा. दर महिन्याचे कात्रण एका फाइलीत लावा आणि शेजारी आपल्या स्टेशनवरच्या, आपल्या गावच्या हॉटेलातल्या कामगाराचा त्या महिन्याचा पगार लिहा. वर्षाच्या शेवटी ती फाइल शाखेच्या सभेत उघडा. त्यानंतर वेतनवाढीच्या मागणीसाठी वेगळे भाषण लिहावे लागणार नाही.